चुना कशाला हवा? शिरपूरच्या उत्तरेकडच्या एका दगडाळ वनउताराचे प्रकरण

धुळे जिल्ह्यात शिरपूर ओलांडून उत्तरेला निघालो की कापसाची काळी वावरे हलकी होत जातात, बांधांवर गोट्यांचे ढीग दिसू लागतात आणि मग सातपुडा सुरू होतो. तिथल्या एका पाड्याच्या ग्रामसभेला वनहक्क कायदा 2006 खाली सामूहिक हक्काचे जंगल मिळाले. त्या जंगलातल्या एका दक्षिणमुखी उताराचे हे प्रकरण आहे. पाड्याचे नाव ग्रामसभेच्या इच्छेनुसार देत नाही.

हक्क मिळाला की जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. तो एका बाहेरच्या संस्थेने तयार करून दिला होता. नकाशे चांगले, झाडांची यादी ठीक. मातीच्या प्रकरणात मात्र लिहिले होते: उथळ, दगडाळ, जाड वाळूची, आम्लधर्मी, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी, उपाय म्हणून चुना व शेणखत घालावे, 45 सेंटिमीटरचे खड्डे घेऊन साग आणि बांबू लावावा, वर सलग समतल चर खोदावेत. यातला साग एकदा लावून झाला होता आणि बहुतेक मेला होता. आता दुसऱ्या लागवडीचा पैसा येणार होता. त्याआधी कोणीतरी माती बघून सांगावे, म्हणून ग्रामसभेने मला बोलावले.

त्या वर्णनातले पहिले दोन शब्द अगदी बरोबर आहेत: उथळ आणि दगडाळ. पुढचे सगळे दुसऱ्या डोंगराचे आहे. ते ग्रॅनाइटच्या पर्वतउतारावरच्या वनमातीचे वर्णन आहे, तेही भरपूर पावसाच्या प्रदेशातले. कुठल्या तरी अहवालातून ते उचलले गेले असावे. खान्देशात ग्रॅनाइटचा डोंगर नाही. सातपुड्याचा हा भाग म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा, बेसाल्ट. आपल्या राज्यात ग्रॅनाइट बघायचा तर गोंदिया-गडचिरोलीसारख्या भागात जावे लागते. राज्याबाहेर हम्पी आणि हैदराबादभोवतीचे गोल धोंड्यांचे डोंगर आहेत.

दोन खडक, दोन माती

वरून पाहणाऱ्याला दोन्ही उतार सारखेच वाटतात. पायाखाली दगड, मधूनमधून उघडा खडक, वीतभर माती, उन्हाळ्यात करपलेले गवत. पण माती ज्या खडकातून निघते त्याच्या गुणावर ती काय धरून ठेवील हे ठरते.

ग्रॅनाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास असते. त्यातले गारेचे (क्वार्ट्झचे) स्फटिक झिजत नाहीत, ते वाळू होऊन मागे राहतात. त्यातला काळा अभ्रक पाणी पिऊन फुगतो आणि खडक आतून सुटा करतो. म्हणून ग्रॅनाइटच्या उतारावर पातळ मातीखाली बऱ्याचदा भरभरीत, जाड वाळूचा सुटा थर सापडतो. मुळे त्यात सहज शिरतात, पाणीही तितक्याच सहज निघून जाते. त्यातल्या फेल्स्पार या खनिजापासून जी चिकणमाती होते ती भरपूर पावसात बहुतेक केओलिनच्या जातीची, अन्नद्रव्ये धरायला कमजोर. पोटॅश बऱ्यापैकी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तुटपुंजे. पाऊस भरपूर असेल तर होते तेही धुऊन जाते आणि माती आंबट होते. अशा ठिकाणी चुन्याचा सल्ला चुकीचा नाही. तेलंगणाच्या कोरड्या भागातल्या ग्रॅनाइटच्या माती मात्र तितक्या आंबट नसतात, कारण तिथे धुवायला पाऊसच कमी. म्हणजे एकटा खडक काही ठरवत नाही, पाऊसही बघावा लागतो.

बेसाल्टात सिलिका सुमारे 50 टक्के, मुक्त गार जवळजवळ नाहीच. कॅल्शियमचे ऑक्साइड साधारण 10 टक्के, मॅग्नेशियमचे 5 ते 7. ग्रॅनाइटमध्ये हेच आकडे बहुधा 2 आणि 1 च्या खाली असतात. बेसाल्ट झिजून जी माती होते ती चिकण, फुगणारी, वाळली की भेगाळणारी. वाळू म्हणून जे हाताला लागते ते खडकाचेच न झिजलेले बारीक तुकडे असतात, गार नव्हे. आणि इथे पायथ्याशी पाऊस साधारण सहाशे-सातशे मिलीमीटर, तोही चार महिन्यांत. कॅल्शियम धुऊन जायला हे पाणी पुरत नाही. कॅल्शियम थोडे खाली सरकते, अडते आणि साचते.

हे त्या उतारावर डोळ्यांनी दिसत होते. खड्ड्यातला दगड उलटा केला की खालच्या बाजूला पांढरट पापुद्रा. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, फसफसून फेस आला. चुना! निसर्गाने आधीच घालून ठेवलेला. सामू (pH) तपासला तर सातच्या थोडा वर, म्हणजे माती आंबट नाहीच. अशा मातीत हेक्टरी काही क्विंटल चुना ओतला असता तर झाडांना लोह आणि जस्त मिळणे आणखी अवघड झाले असते. उसावर केवडा पडला की पान कसे पिवळे होते हे शिरपूरच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तोच रोग आपण पैसे देऊन डोंगरावर नेणार होतो.

खड्डा

दगडाळ मातीत गिरमिट चालत नाही. ते पहिल्या गोट्याला अडते आणि आपण समजतो की खडक लागला. म्हणून आम्ही आधी पहार घेऊन उतारावर आडवे-उभे ठोकत गेलो. गोट्यावर पहार बसली की थोडी बाजूला सरकवून पुन्हा. तीन-चार वेळा त्याच खोलीवर अडली तरच तो तळ. पाड्याचे कारभारी सोबत होते. ते म्हणाले, “भाऊ, इथे कुदळ मारली की हातालाच झिणझिण्या येतात. साग कुठून रुजणार?”

मग निवडक जागी खड्डे घेतले. वरच्या पट्ट्यातला एक खड्डा सविस्तर सांगतो, कारण सगळे प्रकरण त्यात आहे.

लांबी-रुंदी एक-एक फूट, खोली वीस सेंटिमीटर, त्याखाली मुरूम. खड्ड्यातून निघालेले सगळे, अगदी चिमूटभर मातीसुद्धा, ताडपत्रीवर काढले. खड्ड्याला पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरले: सुमारे अठरा लिटर. हे खड्ड्याचे खरे आकारमान. दगडाळ खड्ड्याच्या बाजू वेड्यावाकड्या असतात, टेपने मोजून ते कधीच बरोबर येत नाही. मग काढलेला माल दोन मिलीमीटरच्या चाळणीतून चाळला आणि वर राहिलेले दगड पाणी भरलेल्या बादलीत सोडून पाणी किती चढते ते पाहिले. दहा लिटर. म्हणजे अठरा लिटरांच्या खड्ड्यात दहा लिटर दगड, आणि माती म्हणावी अशी फक्त आठ.

दगडही एका जातीचे नव्हते. काही घट्ट काळे, धारदार कोपऱ्यांचे. काही भोकाभोकांचे, हलके, भोकांत झिओलाइट या पांढऱ्या खनिजाचे दाणे. हे दुसरे दगड थोडे पाणी पितात. काही धोंडे कांद्यासारखे पापुद्रे सोडत होते, बाहेरचा पापुद्रा नखाने निघत होता, आतला गाभा हातोड्यालाही दाद देत नव्हता. माती या पापुद्र्यांतूनच तयार होते आहे. ती किती सावकाश होते याचा अंदाज तो गाभा बघून येतो.

खड्ड्याच्या एका भिंतीत धावड्याचे मूळ दिसले. वर ते अंगठ्याएवढे गोल होते. मुरमात शिरताना दोन दगडांच्या फटीत ते चपटे होऊन पट्टीसारखे झाले होते, आणि फटीच्या दोन्ही अंगांना मातीची तपकिरी पातळ साय होती, तिला केसासारखी मुळे चिकटलेली. फट जिथवर दिसली तिथवर ते मूळ खाली गेलेले होते.

तीन दिवसांचे पाणी

आता हिशेब. चिकण-पोयटा माती झाडाला वापरता येईल असे पाणी आकारमानाच्या साधारण 15 टक्के धरते असे मानू. वीस सेंटिमीटर खोलीत माती 44 टक्के, त्याचे 15 टक्के: तेरा मिलीमीटर. दगड नसते तर तीस झाले असते. पावसाळ्यात उघडीप पडली, ऊन तापले, तर हिरवे झुडूप-गवत मिळून दिवसाला चार-पाच मिलीमीटर पाणी सहज उडवतात. म्हणजे काठोकाठ भिजलेली ही माती तीन दिवसांत कोरडी. खान्देशात जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडणे नवे नाही. सागाच्या रोपाचे काय झाले असेल हे यातून कळते. त्याला कीड लागली नव्हती, शेळ्यांनी सगळे खाल्ले असेही नव्हते. तीन दिवसांच्या शिदोरीवर त्याला पंधरा दिवस काढायला सांगितले होते.

मग धावडा, सालई, मोई, कांडोळ आणि अंजन या उतारावर जगतात कशी? ती या वीस सेंटिमीटरांवर जगत नाहीत. ती मुरमातल्या फटींवर जगतात. मीटरभर मुरमात वापरण्याजोगे पाणी पाच टक्के धरले तरी 50 मिलीमीटर होते, वरच्या मातीच्या जवळजवळ चौपट. अंजनाचे रोप पहिली काही वर्षे वर वाढतच नाही असे वाटते. ते खाली सोटमूळ उतरवत असते. सालईचे रोप तर दर उन्हाळ्यात वरून वाळते आणि पावसात मुळापासून पुन्हा फुटते, बुंधा आत जाड झाला की मगच उभे राहते. लागवडीच्या नोंदवहीत अशी रोपे ‘मृत’ लिहिली जातात. खान्देशात अंजनाची वने टिकली ती याच सवयीवर, आणि खोल मातीतली नाजूक झाडे आणून तिची बरोबरी होणार नाही असे माझे ठाम मत आहे.

इथे ग्रॅनाइट आणि बेसाल्ट पुन्हा वेगळे पडतात. ग्रॅनाइटचा कडा उताराला समांतर पापुद्र्यांनी सुटतो. मुळे त्या पापुद्र्यांमधून आडवी पसरतात. बेसाल्टाचे थर आडवे असतात आणि भेगा बहुधा उभ्या. म्हणून मुळाला खाली जायला वाट असते, पण ती वाट ठरावीक ठिकाणीच. दोन हातांवर एक रोप जगते, दुसरे मरते, आणि दोघांच्या वरच्या मातीत काडीचा फरक नसतो.

थरांचा आणखी एक परिणाम. घट्ट थराचा कडा आणि भोकाळ, मऊ थराचा सपाट टप्पा, असा हा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. टप्प्यावर माती साचते, कड्यावर ठरत नाही. दोन थरांमध्ये कुठेकुठे लाल, भाजलेल्या मातीचा पट्टा आहे. त्यातून पाणी खाली उतरत नाही, त्याच्या वरून बाहेर येते. पाड्यातल्या बायका ज्या झिऱ्यावरून पाणी आणतात तो अशाच लाल पट्ट्याच्या माथ्यावर आहे. पूर्वी तो होळीनंतरही चालायचा, आता होळीलाच आटतो, असे त्या सांगतात.

आणि एक डाइक. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात लाव्ह्याच्या भेगांमध्ये थिजलेल्या डोलेराइटच्या अशा भिंती पुष्कळ आहेत. या उताराला ती आडवी जाते, कंबरेइतकी उंच, मधून तुटलेली. तिच्या वरच्या अंगाला शतकानुशतके वाहून आलेली माती अडली आहे. तिथे पहार तीन फूट आत गेली. काळी, भेगाळलेली, जवळजवळ शेताची माती. पहिल्या लागवडीतला जो साग जगला तो सगळा या पट्टीत आणि खालच्या दोन टप्प्यांवर. कारभारी म्हणाले, “तिथे माझ्या आजाचं ज्वारीचं खळं होतं. साग लावायच्या आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं.” आमच्या पहारीने काढलेला नकाशा आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतला नकाशा जवळपास एकच निघाला.

प्रयोगशाळेचा कागद

आराखड्याच्या परिशिष्टात माती परीक्षणाचा अहवाल होता. सेंद्रिय कर्ब दोन टक्क्यांच्या आसपास, शेरा ‘अत्यंत जास्त’. हा आकडा खोटा नाही. जंगलात पालापाचोळा वरच्या थोड्याशा मातीतच मुरतो, त्यामुळे ती माती खरोखर काळी आणि सकस असते. पण प्रयोगशाळा दोन मिलीमीटरची चाळणी लावूनच सुरुवात करते. दगड पिशवीतच राहतात आणि अहवालात त्यांचा उल्लेखही येत नाही.

दगड विसरून हिशेब केला तर हेक्टरभर वीस सेंटिमीटर खोली म्हणजे 2000 घनमीटर, घनता 1.2 धरली तर 2400 टन माती आणि त्यात 48 टन कर्ब. दगड वजा केले की माती 880 घनमीटर, सुमारे 1056 टन, आणि कर्ब 21 टन. निम्म्याहून कमी. आज कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे साठवलेल्या कर्बाच्या मोबदल्याच्या, नावाने डोंगरांचे हिशेब मांडले जात आहेत. दगडाळ उताराचा कर्ब दगड न मोजता जो कोणी लिहील त्याच्या कागदावर ग्रामसभेने सही करू नये, हे मी तिथे स्पष्ट सांगितले. नत्र, स्फुरद, पालाश, सगळ्यांना हाच नियम. टक्केवारी चांगली आणि साठा थोडा, हे या मातीचे लक्षण आहे, आणि ते ग्रॅनाइटवरही तसेच लागू पडते. शेतात दगड फारसे नसतात म्हणून तिथे हा फरक कोणाला जाणवत नाही.

या थोड्या साठ्याचा दुसरा अर्थ असा की एक आग किंवा एक जोरदार पाऊस पुष्कळ नेतो. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. ती आग बऱ्याचदा वर चढते. राख पहिल्या पावसात नाल्यात जाते आणि उघडी माती थेंबांच्या माऱ्याला सापडते. शेतात अशी धूप भरून काढायला खाली माती असते. इथे वीस सेंटिमीटरांतले दोन गेले तर दहावा हिस्सा गेला, आणि तोही सगळ्यात सकस.

दगडांबद्दलही बोलले पाहिजे. आराखड्यात ‘दगड वेचून बांध घालणे’ होते. मातीवर सुटे पडलेले दगड थेंबांचा मार स्वतः घेतात, खालची ओल उडू देत नाहीत, आणि त्यांच्या कडेने पाणी आत शिरते. दगड मातीच्या कवचात रुतून बसलेला असेल तर मात्र तो पाणी उलट वाहवतो. म्हणजे सरसकट वेचणे चुकीचे. घळीतले, नाल्याच्या काठचे दगड बांधाला घ्यावेत, उताराच्या अंगावरचे जिथल्या तिथे राहू द्यावेत.

ग्रामसभेत काय ठरले

बैठक लांबली. चराचा प्रश्न सगळ्यात वादाचा होता, कारण चर म्हणजे मजुरी, आणि उन्हाळ्यात गुजरातेत कामाला न जाता पाड्यातच रोज मिळणे ही मोठी गोष्ट आहे. मी कोणालाही ‘चर नको’ असे सांगितले नाही. सलग समतल चर साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल असतो. माती वीस सेंटिमीटर असेल तर तो सगळी माती कापतो, मुरूम वर येतो, सकस माती त्याखाली गाडली जाते आणि उभ्या धावड्याची मुळे तुटतात. टप्प्यांवर आणि डाइकच्या वरच्या पट्टीत तोच चर कामाचा आहे, पण वरची माती वेगळी काढून ठेवायची आणि मुरूम बांधाला घालून ती पुन्हा रोपाच्या बाजूला पसरायची. शिरपूर पॅटर्नसारखे नाला खोल-रुंद करायचे काम झाले पाहिजे असेही एकाने सुचवले. त्या कामाची जागा खाली नाल्याच्या तळाशी आहे. उताराच्या अंगावर यंत्र चढवू नये, एवढे सगळ्यांनी मान्य केले.

शेवटी उताराचे तीन भाग पाडले. डाइकची पट्टी आणि टप्पे: इथे चर, इथेच साग-बांबू, शिवाय आवळा आणि चारोळी, कारण पाड्याला फळ-बीचा पैसा हवा आहे. पायथ्याचा धोंड्यांचा भाग: तिथे पाणी फार वेगाने जमिनीत उतरते, तेच पुढे विहिरींना मिळते, म्हणून फक्त आग आणि तोड थांबवायची. वरचा पातळ मातीचा भाग, जो सगळ्यात मोठा आहे: तिथे एकही खड्डा नाही. धावडा, मोई, तेंदू यांची तोडलेली खुंटे जिवंत आहेत आणि त्यांची मुळे फटींत आधीच उतरलेली आहेत. एका खुंटावर दहा-बारा धुमारे फुटतात. त्यांतले सरळ एक-दोन ठेवून बाकीचे पावसाळ्याआधी काढायचे. गवत दाट झाले की अंजनाचे बी खोबणींत टोकायचे. बीसुद्धा दर वर्षी भरपूर येत नाही, म्हणून चांगल्या वर्षी गोळा करून ठेवायची जबाबदारी बचत गटाने घेतली.

चुन्याचा खर्च आराखड्यातून काढला आणि ती रक्कम राखणदारांच्या रोजाकडे वळवावी असा ठराव लिहिला. मोहाखाली पाला न जाळता झाडून घ्यायचा किंवा जुन्या साड्या अंथरायच्या, यावर बायकांनी आधीच आपसात ठरवले होते. सभेत त्यांनी ते फक्त सांगितले.

दोन पावसाळ्यांनंतर वरच्या भागात कुसळी गवताच्या जागी काही ठिकाणी पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवते दिसू लागली आहेत, आणि धावड्याचे राखलेले धुमारे माणसाच्या उंचीला आले आहेत. जाड माती आली असे कोणी समजू नये. माती होती तेवढीच आहे, फक्त ती उघडी पडलेली नाही. झिऱ्यावर काही फरक पडला का हे एवढ्यात सांगता येणार नाही. पाऊस दोन्ही वर्षी बरा होता.

वाद राहिला आहे तो शेळ्यांचा. वरचा भाग पूर्ण बंद ठेवला तर भूमिहीन घरांच्या शेळ्या जायच्या कुठे? सध्या उताराच्या एका बाजूला चराई चालू आहे आणि दुसरी बाजू बंद आहे, दिवाळीनंतर गवत कापून न्यायची मुभा आहे. बाजू केव्हा बदलायची यावर दोन मते आहेत. मी तीन वर्षांचा अवधी सुचवला, शेळीवाल्या घरांना दोनच हवेत. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच आहे, आणि त्याआधी बंद बाजूचे धुमारे शेळीच्या तोंडाच्या वर गेलेत की नाही हे कारभारी आणि शेळीवाल्या घरांतले दोघे मिळून बघून येणार आहेत.